विश्लेषण : माउस की कीबोर्ड? टर्मिनलमधल्या जुन्या वादात वेगापेक्षा महत्त्वाचे काय?

व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक संदेश लिहून होतो आणि पाठवण्याआधी पहिल्या ओळीतली एक वेलांटी चुकलेली दिसते. नेमक्या त्या अक्षरावर बोट टेकवताना होणारी चिडचिड बहुतेकांच्या ओळखीची आहे. कर्सर एक तर अलीकडे बसतो, नाही तर पलीकडे. संगणकाच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून काम करणाऱ्यांमध्ये, याच प्रश्नावरून कैक वर्षे वाद सुरू आहे. ओळीतली चूक दुरुस्त करायला माउसकडे हात न्यावा, की कीबोर्डवरूनच काम भागवावे?

वाद वरवर क्षुल्लक वाटतो. पण प्रोग्रामिंग शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात ‘अजून माउस वापरतोस?’ असा टोमणा ऐकावा लागतो. चुकीच्या जागी केलेली एक क्लिक तासभर चाललेले काम अडवून ठेवू शकते. आणि दृष्टिहीन व्यक्तीसाठी तर माउस असून नसल्यासारखाच असतो. म्हणून हा वाद नेमका कशाबद्दल आहे आणि कशाबद्दल असायला हवा, हे समजून घेणे उपयोगाचे ठरते.

टर्मिनल म्हणजे नेमके काय?

मोबाइलवर किंवा संगणकावर एरवी काम होते ते चित्रांवर बोट ठेवून. फाइल उघडायची तर तिच्या चिन्हावर क्लिक करायचे. टर्मिनलमध्ये चिन्हे नसतात. तिथे एक ओळ असते, त्या ओळीवर कमांड लिहायची, एंटर दाबायचे आणि उत्तर खाली मजकुराच्या रूपात वाचायचे. फोल्डरमधल्या फाइलींची यादी हवी असेल तर ‘एलएस’, फोल्डर बदलायचा असेल तर ‘सीडी’, अशा आखूड कमांड लिनक्स आणि मॅकवर चालतात.

ही पद्धत केवळ प्रोग्रामरांपुरती नाही. रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर बसलेला कर्मचारी माउसला हातही न लावता फक्त कळा बडवत तिकीट काढताना अनेकांनी पाहिला आहे. विमान तिकिटांच्या ‘अमाडेउस’ या जागतिक प्रणालीवर काम करणारे एजंटही तारीख आणि शहरांची तीन अक्षरी नावे सलग लिहून उड्डाणांची यादी मागवतात. इंटरनेटचा मोठा भाग ज्या सर्व्हरवर चालतो, त्यांची देखभाल तर प्रामुख्याने टर्मिनलमधूनच होते.

टर्मिनलला माउसची क्लिक का कळत नाही?

नवशिक्याला पहिला धक्का इथेच बसतो. लांब कमांड लिहून झाली, मधला एक शब्द चुकला, म्हणून तिथे क्लिक केली, तर कर्सर जागचा हलत नाही. पडद्यावर खिडकी दिसते, मजकूर दिसतो, माउसचा बाणही फिरतो, पण क्लिक वाया जाते.

याचे कारण इतिहासात आहे. युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हाताखाली आकाराला येऊ लागली, तेव्हा संगणकाशी बोलण्याचे साधन होते टेलिटाइप. हे टंकलेखन यंत्रासारखे दिसणारे यंत्र कागदावर उत्तर छापत असे. त्यातले ‘मॉडेल ३३’ सेकंदाला जेमतेम १० अक्षरे छापत असे. युनिक्सच्या कमांड दोन-तीन अक्षरांच्या राहिल्या, त्यामागे हा संथपणाही एक कारण मानला जातो. कागदावर छापलेल्या शब्दावर क्लिक करण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे कागदाची जागा पडद्याने घेतली, ‘व्हीटी१००’ हे डेक कंपनीचे टर्मिनल १९७८ मध्ये आले आणि त्याच्या खुणांची भाषा आजचे टर्मिनलही बोलतात. लिनक्समध्ये टर्मिनलला अजूनही ‘टीटीवाय’ म्हणतात, ते टेलिटाइपचेच लघुरूप.

दुसरे कारण रचनेतले आहे. पडद्यावरची खिडकी हा एक प्रोग्राम असतो आणि लिहिलेली ओळ सांभाळणारा ‘शेल’ हा दुसरा. क्लिक खिडकीला कळते. ओळ मात्र शेलच्या ताब्यात असते. या दोघांमधून वाहतो तो फक्त अक्षरांचा प्रवाह. खिडकीने मुद्दाम कळवल्याशिवाय आणि शेलने ते समजून घेतल्याशिवाय क्लिकला अर्थ येत नाही. म्हणजे टर्मिनलमध्ये माउस चालत नाही तो कोणाच्या हट्टामुळे नव्हे, तर त्याच्यासाठी दारच ठेवलेले नव्हते म्हणून.

माउसचा जन्म कीबोर्ड हटवण्यासाठी झाला का?

नाही. उलट, माउसच्या जनकाला दोन्ही एकत्र हवे होते. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये माउसचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक दाखवले. त्यात उजव्या हाताखाली माउस होता, मध्ये नेहमीचा कीबोर्ड होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांचा एक छोटा संच होता. त्या पाच कळा पियानोच्या सुरांसारख्या एकत्र दाबून अक्षरे आणि कमांड देता येत. उजव्या हाताने जागा दाखवायची आणि डाव्या हाताने काय करायचे ते सांगायचे, अशी ही वाटणी होती. माउस बाजारात गेला आणि तो पाच कळांचा संच मागे पडला.

फारकत झाली ती नंतर. अ‍ॅपलने १९८४ मध्ये पहिला मॅकिंटॉश आणला, तेव्हा त्याच्या कीबोर्डवर बाणाच्या कळाच ठेवल्या नव्हत्या. लोकांनी माउस वापरावा, प्रोग्राम लिहिणाऱ्यांनीही माउस गृहीत धरावा, हा त्यामागचा हेतू होता. दोनच वर्षांनी, मॅकिंटॉश प्लसबरोबर, त्या कळा परत आल्या. एखादे साधन काढून घेऊन सवय लावण्याचा प्रयत्न किती टिकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

दुसऱ्या बाजूचा इतिहासही टर्मिनलच्या कट्टर भक्तांना अडचणीचा आहे. ज्या बेल लॅब्समध्ये युनिक्स जन्मले, तिथेच रॉब पाइक यांनी माउसवर बेतलेले ‘सॅम’ आणि ‘अ‍ॅक्मी’ हे संपादक लिहिले. अ‍ॅक्मीमध्ये तीन बटणांचा माउस लागतो. पडद्यावर लिहिलेल्या कोणत्याही शब्दावर मधल्या बटणाने क्लिक केले की तो शब्द कमांड म्हणून चालतो. म्हणजे ‘खरा युनिक्सवाला माउसला शिवत नाही’ ही समजूत युनिक्सच्या माहेरीच टिकत नाही.

वेग कोणाचा जास्त?

वादातला सर्वांत आवडता दावा हाच असतो की कीबोर्ड वेगवान आहे. त्याची शहानिशा करण्याची एक सोपी रीत स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि अ‍ॅलन न्यूएल या संशोधकांनी १९८० मध्ये मांडली. कामाचे छोटे तुकडे करायचे आणि प्रत्येकाला सरासरी वेळ द्यायची. त्यांच्या हिशेबात सरावलेल्या टंकलेखकाला एक कळ दाबायला ०.२ सेकंद लागतात, हात कीबोर्डवरून माउसवर न्यायला ०.४ सेकंद, माउसने नेम साधायला १.१ सेकंद आणि पुढची कृती मनात ठरवायला १.३५ सेकंद.

आता ४० अक्षरांची कमांड लिहून झाली आहे आणि चूक अगदी सुरुवातीला आहे, असे समजू. क्लिक चालते असे मानले तर हात नेणे, नेम साधणे, क्लिक करणे आणि हात परत आणणे यांना मिळून सुमारे २.१ सेकंद लागतात. डावीकडच्या बाणाची कळ ४० वेळा दाबली तर ८ सेकंद. कळ दाबून धरली तर काहीसे कमी, पण मग कर्सर नेमका जागेवर थांबवण्याची कसरत आली. ‘कंट्रोल’ आणि ‘ए’ एकत्र दाबले की कर्सर थेट ओळीच्या सुरुवातीला जातो. त्याला लागतात ०.४ सेकंद.

पण हा ०.४ चा आकडा ज्याच्या बोटांना सवय आहे त्याचा. ‘सुरुवातीला जायची कळ कोणती बरे?’ असा विचार करावा लागला, तर १.३५ सेकंद वाढतात आणि बेरीज १.७५ वर जाते. माउसच्या २.१ सेकंदांपासून ती फार लांब नाही. कळ आठवलीच नाही, तर माउस जिंकला.

अ‍ॅपलमध्ये वापरसुलभतेवर काम करणारे ब्रूस टोग्नाझिनी यांनी १९८९ मध्ये याच गोष्टीवर बोट ठेवले होते. चाचणीत भाग घेणाऱ्यांना कीबोर्ड वेगवान वाटतो, घड्याळ मात्र माउसच्या बाजूने कौल देते, असे त्यांचे म्हणणे होते. शॉर्टकट आठवण्यात गेलेला वेळ माणसाला जाणवतच नाही, हे त्यांनी दिलेले कारण. त्यावर पुढे बरीच टीका झाली. शिवाय ते निरीक्षण मेनू आणि खिडक्यांच्या मॅकिंटॉशबद्दल होते, टर्मिनलबद्दल नव्हते. तरीही त्यातला अर्धा भाग पटण्याजोगा आहे : स्वतःच्या वेगाबद्दल माणसाचा अंदाज भरवशाचा नसतो.

आणि वाचलेला एखादा सेकंद खरोखर किती मोलाचा? टर्मिनलवर काम करणारा माणूस दिवसातला बराच वेळ उत्तर वाचण्यात, चूक शोधण्यात आणि विचार करण्यात घालवतो. तिथे अर्ध्या सेकंदाच्या बचतीवरून कोणाची योग्यता ठरवणे हास्यास्पद आहे.

मग कीबोर्डचे खरे बळ कशात आहे?

ते खात्रीत आहे. ‘कंट्रोल-ए’ दाबले की ओळीची सुरुवात, ‘कंट्रोल-ई’ दाबले की शेवट. खिडकी छोटी असो की मोठी, अक्षरे बारीक असोत की ठळक, पडदा समोरचा असो की हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरचा, उत्तर तेच. डोळ्यांनी जागा शोधावी लागत नाही आणि नेम चुकण्याचा प्रश्न येत नाही.

दुसरे बळ असे की कळ तोंडी सांगता येते. रात्री सर्व्हर बंद पडला आणि घरून फोनवर मदत करायची वेळ आली, तर ‘कंट्रोल-सी दाब, मग वरचा बाण’ हे एका वाक्यात सांगून होते. ‘उजवीकडे वरच्या कोपऱ्यात, नाही, त्याच्या जरा खाली’ असे माउसचे मार्गदर्शन फोनवर किती वैतागवाणे असते, हे घरातल्या ज्येष्ठांना फोनवरून मोबाइल शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

तिसरे बळ स्मरणाचे. लिहिलेली कमांड शेल जपून ठेवतो. ‘कंट्रोल-आर’ दाबून जुन्या कमांडमधला एखादा शब्द लिहिला की ती पूर्ण ओळ समोर येते. गेल्या आठवड्यात काय केले होते ते पुन्हा जसेच्या तसे करता येते, दुसऱ्याला पाठवता येते, फाइलमध्ये लिहून आपोआप चालवता येते. क्लिकचा असा माग राहत नाही.

चौथे बळ सर्वांत महत्त्वाचे, आणि वादात त्याचा उल्लेख क्वचित होतो. दृष्टिहीन वापरकर्ता पडद्यावरचा बाण पाहू शकत नाही. ‘एनव्हीडीए’सारखे मोफत स्क्रीन रीडर मजकूर वाचून दाखवतात आणि सगळे काम कळांवरून चालते. त्याच्या दृष्टीने कीबोर्डवरून होऊ न शकणारे काम म्हणजे बंद दार. वेबसाइटसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुलभता निकषांमध्येही प्रत्येक सुविधा कीबोर्डवरून वापरता आली पाहिजे, अशी अट आहे. मात्र हाच तर्क उलट बाजूनेही लागू होतो. ज्याला एका वेळी दोन-तीन कळा दाबणे शारीरिकदृष्ट्या जमत नाही, त्याला माउस किंवा आवाजाचा आधार लागतो. सोय म्हणजे दोन्ही वाटा खुल्या असणे.

माउस कुठे सरस ठरतो?

कमांड लिहिण्यात कीबोर्ड पुढे असेल, तर आलेले उत्तर हाताळण्यात माउस पुढे आहे. पडद्यावर शंभर ओळी आल्या आणि त्यातली एका फाइलची लांबलचक वाट पुढच्या कमांडमध्ये हवी आहे, अशा वेळी डबल क्लिक करून शब्द किंवा तीनदा क्लिक करून पूर्ण ओळ उचलणे हीच सरळ रीत आहे. अनेक लिनक्स संगणकांवर तर मजकूर नुसता निवडला की कॉपी होतो आणि माउसच्या मधल्या बटणाने पेस्ट होतो.

क्लिकसाठी नसलेले दारही काळाच्या ओघात बसवले गेले. १९८० च्या दशकात आलेल्या ‘एक्सटर्म’ या टर्मिनलने माउसची क्लिक अक्षरांच्या सांकेतिक खुणांमध्ये बदलून आतल्या प्रोग्रामला कळवण्याची सोय केली. आज चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारे ‘एचटॉप’, फाइली हाताळणारे ‘मिडनाइट कमांडर’, खिडकीचे भाग पाडणारे ‘टीमक्स’ आणि ‘व्हिम’ हा संपादक, या सगळ्यांत माउस चालतो. काहींमध्ये तो आधी चालू करावा लागतो. मॅकच्या टर्मिनलमध्ये ‘ऑप्शन’ कळ दाबून क्लिक केली, तर कर्सर त्या जागी सरकतो.

याला एक किंमतही आहे. असा प्रोग्राम क्लिक स्वतःकडे घेतो, त्यामुळे नेहमीसारखा मजकूर निवडता येत नाही. अनेक टर्मिनलमध्ये ‘शिफ्ट’ दाबून धरली की निवड पुन्हा जमते. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे ‘कॉपीच होत नाही’ म्हणून हैराण होणारे कमी नाहीत.

खरा धोका कोणता?

टर्मिनलमध्ये संथपणापेक्षा अपघात महाग पडतात, आणि अपघात दोन्ही बाजूंनी होतात.

कीबोर्डच्या बाजूने पाहिले तर ‘कंट्रोल-सी’ ही कळ सर्वत्र कॉपीसाठी आहे. टर्मिनलमध्ये तीच कळ चालू काम तोडते. त्यामागे साधी गंमत आहे. जुन्या पद्धतीत ‘कंट्रोल’बरोबर दाबलेले अक्षर वर्णमालेतल्या आपल्या क्रमांकाचा संकेत पाठवते. ‘सी’ तिसरे, म्हणून संकेत ३, ज्याचा अर्थ मजकूर संपला. ‘आय’ नववे आणि टॅबचा संकेतही ९, म्हणून ‘कंट्रोल-आय’ आणि टॅब टर्मिनलला सारखेच वाटतात. कॉपी-पेस्टच्या आजच्या कळा रूढ होण्यापूर्वीपासून ही व्यवस्था होती. त्यामुळे लिनक्सच्या अनेक टर्मिनलमध्ये कॉपीसाठी ‘कंट्रोल-शिफ्ट-सी’ वापरावे लागते. मॅकवर कॉपीची ‘कमांड’ कळ वेगळी असल्याने हा गोंधळ होत नाही. नव्या विंडोज टर्मिनलने मधला मार्ग काढला आहे. मजकूर निवडलेला असेल तर ‘कंट्रोल-सी’ने कॉपी, नसेल तर काम थांबवणे.

‘कंट्रोल-एस’ सेव्ह करेल म्हणून दाबले, तर अनेक टर्मिनल गोठल्यासारखे होतात. पडद्यावरचा मजकूर थांबवण्याची ती टेलिटाइपच्या काळातली खूण आहे आणि ‘कंट्रोल-क्यू’ दाबले की सगळे पुन्हा सुरू होते. हे ठाऊक नसलेला माणूस खिडकीच बंद करतो आणि काम गमावतो. ‘कंट्रोल-डब्ल्यू’ शेलमध्ये एक शब्द पुसते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या टर्मिनलमध्ये मात्र तीच कळ अख्खा टॅब बंद करते.

माउसच्या बाजूने पाहिले तर विंडोजच्या जुन्या कन्सोल खिडकीत ‘क्विकएडिट’ नावाची सोय आहे. ती चालू असताना खिडकीत सहज क्लिक झाली तरी मजकूर निवडण्याचे काम सुरू होते आणि आत चाललेला प्रोग्राम पुढची ओळ लिहिताना अडून बसतो. रात्रभर चालायचे काम सकाळी जिथल्या तिथे सापडते. एंटर किंवा एस्केप दाबले की ते पुढे सरकते. त्याच खिडकीत उजवी क्लिक म्हणजे पेस्ट. कॉपी केलेल्या मजकुरात ओळीचा शेवट दडलेला असेल, तर वाचायच्या आत कमांड चालून जाते. फाइली पुसणारी कमांड असेल तर टर्मिनलमध्ये कचऱ्याचा डबा नसतो, हे लक्षात ठेवावे लागते.

यावर उपाय आले आहेत. ‘बॅश’ या प्रचलित शेलच्या २०२० मधल्या ५.१ आवृत्तीपासून पेस्ट केलेला मजकूर लगेच न चालवता एंटरची वाट पाहण्याची व्यवस्था सुरुवातीपासून चालू असते. विंडोज टर्मिनल अनेक ओळी पेस्ट होत असतील तर आधी विचारते. तरीही इंटरनेटवरून उचललेली कमांड एंटर दाबण्यापूर्वी वाचणे याला पर्याय नाही.

मराठीत काम करणाऱ्यांची अडचण काय?

टर्मिनलचा पडदा म्हणजे चौकटींचा कागद. प्रत्येक अक्षराला एक सारखी चौकट, हे गणित रोमन लिपीसाठी बेतलेले आहे. देवनागरीत वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे मिळून एक आकार बनतो. त्याला किती चौकटी द्यायच्या यावर खिडकी आणि शेल यांचे एकमत होतेच असे नाही. मग कर्सर दिसतो एका अक्षरावर आणि पुसले जाते दुसरेच. पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाच्या साह्याने जुन्या, मजकुराच्या पडद्यांवर भारतीय लिप्या आणल्या होत्या. आजच्या टर्मिनलमध्ये मात्र देवनागरीची ही अडचण पुरती सुटलेली नाही.

रोजचा त्रास वेगळाच. कमांड रोमन लिपीत आणि फाइलचे नाव ‘वार्षिक अहवाल’. टॅब कळ नाव पूर्ण करून देते, पण पहिले अक्षर लिहायला कीबोर्डची भाषा बदलावी लागते आणि नंतर परत आणावी लागते. अशा वेळी यादीतल्या नावावर माउस फिरवून ते उचलणे आणि अवतरणचिन्हांत पेस्ट करणे हे साधे, शहाणपणाचे काम आहे. त्यात कमीपणा कसला?

मोबाइलवर टर्मिनल वापरणाऱ्यांचे काय?

अनेक विद्यार्थ्यांच्या हातात पहिला संगणक म्हणून मोबाइलच येतो. अँड्रॉइडवर ‘टर्मक्स’ या अ‍ॅपमध्ये लिनक्सची कमांड ओळ मिळते. तिथे ना माउस, ना पुरता कीबोर्ड. म्हणून अ‍ॅपने कीबोर्डच्या वर एस्केप, टॅब, कंट्रोल आणि बाणांची एक जादा पट्टी दिली आहे. आवाज कमी करण्याचे बटण दाबून धरले तर ते ‘कंट्रोल’चे काम करते. म्हणजे बोटांच्या स्पर्शावर चालणाऱ्या यंत्रातही टर्मिनलसाठी कळाच आणाव्या लागल्या.

सुरुवातीच्या वेलांटीच्या अडचणीवरही असाच उपाय आहे. गुगलच्या जीबोर्डमध्ये स्पेसबारवर बोट डावी-उजवीकडे सरकवले की कर्सर एकेक अक्षर सरकतो. अक्षरावर नेम धरण्याची गरज उरत नाही. हाताशी असूनही ती अनेकांना ठाऊक नसते.

नवशिक्याने काय शिकावे, आणि शिकवणाऱ्याने?

शॉर्टकट आपोआप अंगवळणी पडत नाहीत. मायक्रोसॉफ्ट वर्ड वर्षानुवर्षे वापरणारे अनुभवी लोकही शॉर्टकट फारसे वापरत नाहीत, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. काम चालते आहे तोवर कोणी नवी रीत शोधत नाही. म्हणून ती कोणीतरी दाखवावी लागते.

शंभर कळांचा तक्ता भिंतीवर लावून मात्र काही साधत नाही. सात गोष्टी पुरतात. नाव पूर्ण करायला टॅब. मागची कमांड आणायला वरचा बाण. ओळीच्या दोन टोकांना जायला ‘कंट्रोल-ए’ आणि ‘कंट्रोल-ई’, किंवा होम आणि एंड. मागचा शब्द पुसायला ‘कंट्रोल-डब्ल्यू’. जुनी कमांड शोधायला ‘कंट्रोल-आर’. चालू काम थांबवायला ‘कंट्रोल-सी’. आठवड्याला एक याप्रमाणे घेतल्या, तर दोन महिन्यांच्या आत त्या बोटांत बसतात. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये यांतल्या काही कळांचे अर्थ वेगळे आहेत, एवढे ध्यानात ठेवावे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतूनही ऐकता येतात. टर्मिनलची भीती घालवायला त्यांची मदत होते.

शिकवणाऱ्यांची जबाबदारी अधिक आहे. प्रयोगशाळेत माउस काढून घेणे किंवा तो वापरणाऱ्याला हसणे हे अ‍ॅपलने बाणाच्या कळा काढून घेण्याइतकेच व्यर्थ आहे. गावातून, मोबाइलवर शिकून आलेल्या मुलीला काळा पडदा आधीच परका वाटत असतो. त्यावर टोमण्याची भर पडली, तर ती शॉर्टकट शिकत नाही, प्रश्न विचारायचे बंद करते. तिला ‘हे चालते कसे’ एवढे समजले, की ओळ शेलची आहे आणि क्लिक खिडकीची, तर कळांची गरज तिला स्वतःलाच पटते.

कीबोर्ड लिहिण्यासाठी, माउस उचलण्यासाठी आणि डोळे एंटर दाबण्यापूर्वी वाचण्यासाठी, इतकी साधी वाटणी पुरेशी आहे. एंगेलबार्ट यांनी १९६८ मध्ये दोन्ही हातांना काम दिले होते. त्यातला एक हात बांधून ठेवण्यात ना वेग आहे, ना हुशारी.